छत ठीक, पूर्णविराम

तीनशे सोळा फायली.
सगळ्यांच्या शेपटीला डीएसएस.
बडवाईक साहेबांचं तळहाताएवढं यंत्र
ज्या कंपनीनं केलं, तिनं केव्हाच हात वर केले;
नवा कॉम्प्युटर या फायलींना ओळखत नाही.
विचारतो, कशानं उघडू?
जसं काही मला ठाऊक असावं.

आयटीतला शेंद्रे म्हणाला,
"बाई, काहून एवढा विचार करून राहिल्या?
सगळ्या एमपी थ्री करून टाका, जागा कमी लागते.
हे 'शांतता काढा', हे 'खरखर काढा',
दोन्हीवर टिक मारा अन् घरी जा.
सकाळपर्यंत होऊन जाते."
पोट्ट्याचं बरोबर आहे.
निवृत्तीनंतर कंत्राटावर बोलावलेल्या बाईनं
आणखी काय करायचं असतं?

मारल्या टिक.
सिव्हिल लाइन्सचा तिसरा मजला,
मे महिन्याचा कूलर पाणी संपल्यासारखा घरघरत होता.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकली.

पहिली फाईल कानाला लावली
तर साहेब इतके स्वच्छ कधीच बोलले नव्हते.
"उईकेबाई, नवीन परिच्छेद.
चौदावी गॅलरी, स्वल्पविराम, पूर्व बाजू.
छत ठीक, पूर्णविराम."
दोनशे मीटर जमिनीखालून,
आणि वाटावं गादीच्या खोलीत बसून बातम्या देतायत.
बुटाखालचं पाणी नाही,
मोठ्या पंख्याची लांबची घूं नाही,
सरदाराचा खोकला नाही.

काठी कुठं गेली?

लोखंडी टोपीची बांबूची काठी.
छत ठोकल्याशिवाय साहेब
छताबद्दल शब्द काढत नसत.
एकदा ऑफिसातल्या पार्टिशनवर ठोकून दाखवलं होतं मला,
इथं लाकूड आहे, टण्.
इथं नाही, ढब.
"दगड आधी बोलते बाई, मंग पडते."

प्रोग्रामच्या कानाला ती खरखर वाटली.
तीनशे सोळा फायलींतून
त्यानं निगुतीनं सगळा दगड काढून टाकला.

टिक काढल्या. पुन्हा पहिल्यापासून.
या वेळी वेव्ह, जागा खाईल तेवढी खाऊ दे.
पाणी परत आलं, पंखा आला, खोकला आला,
आणि टण्,
मग साहेबांचा श्वास,
मग ठीक.

दोनशे नऊ नंबरची फाईल मी चार वेळा ऐकली.
ढब.
साहेब गप्प.
मोजले, अकरा सेकंद.
लांबून कुणीतरी, "साहब, चलें? पाली खतम है."
परत काठी. ढब.
"छत ठीक, पूर्णविराम."
आवाज नेहमीचा.
पूर्णविराम मात्र जरा लवकर आला.

ही फाईल मीच टाइप केली होती.
तेव्हा पायाखाली पेडल असायचं;
बोलणं थांबलं की पुढं ढकलायचं,
ठोके आले की पुढं ढकलायचं,
मिनिटाला साठ शब्द, त्याची वेगळी वेतनवाढ.
ढब लिहायला कळ नव्हती, असं म्हणता येईल.
ढब अक्षरांत लिहिता येतं,
आत्ता लिहिलंच की.

शांतता काढा, खरखर काढा:
वीस वर्षं आधी ते काम
माझा उजवा पाय करत होता.

खाण बंद झाली. आता तिथं पाणी आहे.
चौदाव्या गॅलरीत कुणी दबलं नाही,
रजिस्टर पाहिलं.
सकाळी परत पाहिलं.

शेंद्रे आला, आकडे बघून कपाळाला हात लावला,
"एवढे जीबी कशात गेले, बाई?"
मी हेडफोन काढून त्याच्या कानावर ठेवला.
दोनशे नऊ.
तो ऐकत राहिला, एक डोळा मोबाईलवर.
"काही नाही नं. खरखर आहे खाली."

मी म्हटलं, बस.
परत लाव.